सव्वासहा ते सात पंचवीस : ब्रिटिश टीव्हीचा एक रविवार

१९६०च्या दशकात ब्रिटनमधल्या एखाद्या घरात रविवारी संध्याकाळी सव्वासहाला टीव्हीचा खटका दाबला, तर बीबीसी लावा नाहीतर आयटीव्ही, पडद्यावर देवाधर्माचेच काहीतरी चाललेले असे. एकीकडे पाळक आणि प्राध्यापक गंभीर चेहऱ्याने चर्चा करत बसलेले, दुसरीकडे भक्तिगीते. सात वाजून पंचवीस मिनिटे झाली की हे सारे थांबे आणि दोन्हीकडे करमणूक सुरू होई. दोन प्रतिस्पर्धी संस्थांना दर आठवड्याला नेमका एकाच वेळी भक्तीचा उमाळा येत होता, असे अर्थातच नाही. या सत्तर मिनिटांत धार्मिक कार्यक्रमांखेरीज काही दाखवू नये, असा सरकारी दंडक होता. प्रसारणाच्या परिभाषेत तिला ‘बंद वेळ’ म्हणत.

वरवर पाहता ही एक लहानशी प्रशासकीय तरतूद. पण तिच्या मागेपुढे काय घडले ते पाहू लागलो की एक मोठा प्रश्न हाती येतो. आठवडाभर राबलेल्या माणसाच्या सुट्टीच्या दिवसावर हक्क कोणाचा? धर्माचा, सरकारचा, बाजाराचा, की ज्याची सुट्टी त्याचा? ब्रिटनमध्ये हा प्रश्न त्या दशकात दर रविवारी, घराघरातल्या दिवाणखान्यात, कोणीही मोठ्याने न विचारता सोडवला जात होता.

आधी साधनांविषयी थोडे. त्या काळचा रविवार आज पडद्यावर जसाच्या तसा पाहता येत नाही. त्याची कारणे पुढे येतील. तो जुळवावा लागतो तो मुख्यतः छापील कार्यक्रमपत्रिकांवरून. ‘रेडिओ टाइम्स’ हे बीबीसीचे साप्ताहिक आणि ‘टीव्ही टाइम्स’ हे आयटीव्हीचे. दोघेही फक्त आपापले कार्यक्रम छापत. त्यामुळे एकाच रविवारचे पूर्ण चित्र हवे असेल तर दोन साप्ताहिके शेजारी ठेवून वाचण्यावाचून गत्यंतर नसे. तेव्हाच्या ब्रिटिश कुटुंबालाही नव्हते. विद्यापीठाच्या चौकटीबाहेर राहून वाचणाऱ्या माझ्यासारख्याला अशा याद्या फार काही शिकवतात. कार्यक्रम काय होता एवढेच त्या सांगत नाहीत. कशाच्या शेजारी काय बसवले होते आणि कुठे जागा मोकळी सोडली होती, हेही सांगतात. पुढे येणारा रविवार हा कोणा एका तारखेचा नाही. दशकभरातल्या निरनिराळ्या रविवारांतून उभा केलेला तो नमुन्याचा रविवार आहे. जिथे तारीख महत्त्वाची, तिथे ती दिली आहे.

कुंपण

इंग्रजी रविवार हा मुळात कायद्याने कुंपण घातलेला दिवस होता. १७८०च्या रविवार-पालन कायद्याने त्या दिवशी पैसे घेऊन सार्वजनिक करमणूक करण्यास मनाई केली होती. १९३२ साली कायद्याने सिनेमागृहांना वाट मोकळी करून दिली, तीही स्थानिक लोकांची संमती असेल तिथे. नाटकगृहांना मात्र १९७२पर्यंत थांबावे लागले. १९५०च्या दुकान कायद्याने बहुतेक दुकाने रविवारी बंद ठेवली होती. व्यावसायिक फुटबॉलचे मोठे सामने शनिवारी होत; रविवारचा मुहूर्त त्यांना १९७४ साली लाभला. दारूचे गुत्ते रविवारी मोजकेच तास उघडत, आणि वेल्समध्ये तर १८८१च्या कायद्याने ते पूर्ण बंदच असत. तिथे १९६१ साली जिल्ह्याजिल्ह्यात मतदान झाले, तेव्हा काही जिल्ह्यांनी गुत्ते उघडायचे ठरवले आणि काहींनी कोरडेच राहायचे. या सगळ्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा करणारी ‘लॉर्ड्स डे ऑब्झर्व्हन्स सोसायटी’ ही संस्था १८३१पासून कार्यरत होती.

बीबीसीने हे कुंपण आधीच आपलेसे केले होते. संस्थेचे पहिले महासंचालक जॉन रीथ हे स्कॉटिश पाळकाचे चिरंजीव. त्यांच्या काळात रविवारचा रेडिओ इतका सोवळा होता की १९३०च्या दशकात लाखो श्रोते त्या दिवशी बीबीसी सोडून रेडिओ लक्झेंबर्गची नाचगाणी ऐकत. म्हणजे रविवारी लोकांना काय हवे आहे, याचा कौल टीव्ही घरोघर पोचण्याआधीच लागला होता.

टीव्हीचे तास ठरवण्याचा अधिकार पोस्टमास्टर जनरल या मंत्र्याकडे होता. २२ सप्टेंबर १९५५ला लंडनमध्ये आयटीव्ही, म्हणजे जाहिरातींवर चालणारी खासगी वाहिनी, सुरू झाली तेव्हा आठवड्याला साधारण पन्नास तासांची मर्यादा होती. पूजाअर्चा, शालेय पाठ आणि वेल्श भाषेतले कार्यक्रम त्या हिशेबातून वगळलेले. संध्याकाळी सहा ते सात या वेळात कोणीच काही दाखवायचे नाही, म्हणजे आईबापांना लहान मुले झोपवता येतील, असाही एक नियम होता. लोक त्याला ‘लहानग्यांचा तह’ म्हणत. फेब्रुवारी १९५७मध्ये तो तह मोडीत निघाला. रविवारची संध्याकाळ मात्र राखीव राहिली, कारण तिथे प्रश्न मुलांच्या झोपेचा नव्हता; चर्चमधल्या संध्याकाळच्या उपासनेचा होता. रविवारी दुपारी दोन ते चार या वेळात मुलांसाठी म्हणून कार्यक्रम नकोत, असेही ठरले होते. ती वेळ रविवारच्या शाळेची, म्हणजे चर्चमधल्या धर्मशिक्षणाची.

सरकारचा तर्क सरळ होता. घरात टीव्हीवर विनोदी नट उभा असेल तर थंडीपावसात चर्चपर्यंत चालत कोण जाईल? तेव्हा त्या वेळात टीव्ही बंद ठेवा. पण पडदा पूर्ण काळा ठेवणे जाहिरातवाल्या कंपन्यांना परवडणारे नव्हते आणि बीबीसीलाही रुचणारे नव्हते. मधला मार्ग निघाला: चर्चमध्ये न जाणाऱ्यांसाठी, आजाऱ्या-म्हाताऱ्यांसाठी धार्मिक कार्यक्रम दाखवायला हरकत नाही. काय दाखवावे याचा सल्ला द्यायला निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या प्रतिनिधींची मध्यवर्ती धार्मिक सल्लागार समिती होती, आणि ती बीबीसी व आयटीव्ही दोघांनाही सल्ला देई.

सकाळ

रविवारची सकाळ मुळात चर्चमधून थेट प्रक्षेपित होणाऱ्या उपासनेची. १९६३च्या सुमारास तिच्याभोवती प्रौढशिक्षणाचे कार्यक्रम येऊन बसले. आठवड्याच्या तासांच्या मर्यादेतून त्यांनाही सूट मिळाली होती आणि रविवारी सकाळी कारखाने बंद असल्याने शिकणारा माणूस घरी सापडत होता.

याच सकाळीत आपल्या लोकांचा प्रवेश झाला. ऑक्टोबर १९६५मध्ये बीबीसीने भारत-पाकिस्तानातून आलेल्या स्थलांतरितांसाठी रविवारी सकाळी एक कार्यक्रम सुरू केला. ‘अपना ही घर समझिये’ या नावाने तो ओळखला गेला. बर्मिंगहॅम हे त्याचे केंद्र, महेंद्र कौल आणि सलीम शाहिद हे त्याचे परिचित चेहरे. भाषा निवडली होती हिंदुस्तानी, म्हणजे हिंदी आणि उर्दू बोलणाऱ्या दोघांनाही समजेल अशी बोली. इंग्रजीचे धडे, नव्या देशातल्या व्यवहाराची माहिती, आणि गाणे. १९६८ साली त्याची जागा ‘नई जिंदगी नया जीवन’ने घेतली. शीर्षकातच उर्दू आणि हिंदी शेजारी बसवण्याची काळजी घेतली होती. बंगाली, गुजराती, मराठी घरांना हिंदुस्तानीवर भागवावे लागले. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२पासून होते, पण पडद्यावर मराठीला जागा नव्हती. तरीही रविवारच्या सकाळी त्या देशाच्या सरकारमान्य पडद्यावरून आपल्याला कळणारी भाषा कानावर यावी, ही साधी गोष्ट नव्हती. आणखी एक गोष्ट लक्षात येते. मुख्य प्रवाहातल्या प्रेक्षकाला रविवारी सकाळी टीव्ही पाहायची सवय नव्हती म्हणूनच ही जागा मोकळी होती. कुंपणाच्या कोपऱ्यात उरलेल्या पट्टीवर परक्यांना बिऱ्हाड मिळाले.

दुपारच्या सुमारास बीबीसीवर ‘फार्मिंग’ हा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम असे. १९५७ साली सुरू झालेला हा कार्यक्रम पुढे तीस वर्षे चालला. ज्यांनी जन्मात नांगर पाहिला नव्हता असेही लोक रविवारचे भाजलेले मांस भट्टीत शिजेपर्यंत तो पाहत बसत.

दुपार

जेवणानंतरची वेळ जुन्या चित्रपटांची. ते जुनेच का, यालाही कारण होते. टीव्हीमुळे आपली गिऱ्हाइके तुटणार या धास्तीने ब्रिटिश चित्रपट व्यवसायाने १९५८ साली ‘फिडो’ नावाची संरक्षण-संघटना काढली होती. निर्मात्यांनी आपले चित्रपट टीव्हीला विकू नयेत म्हणून ती त्यांना मोबदला देत असे. १९६४च्या सुमारास हा बांध फुटला. म्हणजे टीव्हीची भीती एकट्या चर्चला नव्हती. सिनेमावाल्यांनीही आपापले कुंपण घातले होते; फक्त त्यांच्या मागे सरकार नव्हते.

दुपारचे खरे स्थित्यंतर घडवले क्रिकेटने. २० एप्रिल १९६४ला बीबीसी-२ ही तिसरी वाहिनी सुरू व्हायची होती. त्या रात्री लंडनमध्ये वीज गेली आणि मुहूर्त एक दिवस पुढे गेला. या वाहिनीला दुपार भरून काढणारे काहीतरी हवे होते. १९६५पासून ‘इंटरनॅशनल कॅव्हेलियर्स’ या नामवंतांच्या संघाचे चाळीस षटकांचे सामने रविवारी दुपारी दाखवले जाऊ लागले. सिगारेट कंपनीचे प्रायोजकत्व, दुपारी सुरू होऊन संध्याकाळी निकाली निघणारा खेळ, आणि टीव्हीचा कॅमेरा. लोकांनी ते उचलून धरले. ते पाहून कौंटी क्रिकेटच्या चालकांनी १९६९ साली स्वतःचीच रविवार लीग काढली. तिला नाव दिले तेही सिगारेटचेच, जॉन प्लेअर. प्रत्येक डाव चाळीस षटकांचा, गोलंदाजाला जास्तीत जास्त आठ षटके, आणि वेळ वाचवण्यासाठी गोलंदाजाच्या धावत येण्यावरही पंधरा यार्डांची मर्यादा.

ही पहिली लीग लँकेशायरने जिंकली. त्यांचा यष्टिरक्षक होता मुंबईचा फारुख इंजिनिअर. १९७० साली त्यांनी ती पुन्हा जिंकली. आज मर्यादित षटकांच्या क्रिकेटचा इतिहास सांगताना आपण विश्वचषकापासून सुरुवात करतो. पण त्या खेळाची लांबी, त्याची घाई, त्याचे प्रायोजक हे सारे इंग्लंडच्या रविवार दुपारच्या टीव्हीच्या मापाने बेतले गेले, हे ध्यानात घ्यायला हवे. सामना दोनच्या सुमारास सुरू होऊन साडेसहाच्या सुमारास संपे. सकाळची उपासना आटोपल्यावर सुरुवात आणि संध्याकाळचीला जाता येईल असा शेवट.

आयटीव्हीकडे लंडनमध्ये शनिवार-रविवारचे प्रक्षेपण १९६८पर्यंत एटीव्ही या कंपनीकडे होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ते लंडन वीकेंड टेलिव्हिजनकडे गेले आणि लगेच रविवारी दुपारी ‘द बिग मॅच’ सुरू झाला. खेळायला बंदी असलेल्या दिवशी आदल्या दिवशीचे फुटबॉल पाहायची ही सोय होती. समालोचक ब्रायन मूर आणि विश्लेषक जिमी हिल. चहाच्या वेळी एटीव्हीचा ‘द गोल्डन शॉट’ हा खेळ. घरी बसलेला स्पर्धक टेलिफोनवरून ‘थोडे डावीकडे, थोडे वर’ असे सांगायचा आणि स्टुडिओतले धनुष्य त्याप्रमाणे वळायचे.

बीबीसीकडे चहाची वेळ अभिजात कादंबऱ्यांची. डिकन्सच्या कादंबऱ्या बहुतांशी मासिक भागांत मुळात छापल्या गेल्या होत्याच. आता त्या साप्ताहिक भागांत दिसू लागल्या. घरातल्या सर्वांनी मिळून पाहायचे, मुलांवर चांगले संस्कार व्हायचे, असा हा खण. पण १९६२ साली ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ मालिकेत नॅन्सीचा खून दाखवला गेला तेव्हा त्यातल्या क्रौर्यावरून गदारोळ उठला आणि विषय संसदेपर्यंत गेला. कादंबरीत जे शंभर वर्षे शाळकरी मुले वाचत होती, तेच रविवारी चहाच्या टेबलासमोर दिसले तर चालत नाही. रविवार कसा असावा, याविषयीची समाजाची कल्पना अशा वेळी उघडी पडते.

बंद वेळेच्या आत

आता सव्वासहा वाजले. या कुंपणाच्या आत नेमके काय होते?

आयटीव्हीने १९५६च्या जानेवारीतच ‘अबाउट रिलिजन’ सुरू केला होता. बीबीसीने त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘मीटिंग पॉइंट’ आणला. या कार्यक्रमांत प्रवचनापेक्षा चर्चेवर भर होता: अण्वस्त्रे, वंशभेद, विवाहाचे प्रश्न, श्रद्धा आणि संशय. १९५८ साली एबीसी या कंपनीने तरुणांसाठी ‘द संडे ब्रेक’ काढला. तरुणांचा क्लब असावा तसा स्टुडिओ, वाद्यवृंद, आणि मधेच देवाविषयीचे प्रश्न. करमणुकीला बंदी असलेल्या वेळात संगीत आणण्याची ही सभ्य पळवाट होती, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे ठरणार नाही.

खरे यश मिळाले ते गाण्याला. वेल्समध्ये गावकऱ्यांनी चर्चमध्ये जमून चार आवाजांत भक्तिगीते गाण्याची जुनी परंपरा आहे. १९६१च्या सुरुवातीला बीबीसीच्या वेल्श विभागाने ती टीव्हीवर आणली. बीबीसीतले वरिष्ठ अधिकारी डोनल्ड बॅव्हरस्टॉक हे स्वतः वेल्श. असेच इंग्रजीतही करावे, असा त्यांनी आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९६१ रोजी, रविवारी, कार्डिफच्या टॅबर्नॅकल बॅप्टिस्ट चर्चमधून ‘साँग्ज ऑफ प्रेझ’चा पहिला भाग दाखवला गेला. त्यात प्रवचन नव्हते, वाद नव्हता. एका गावातले लोक चांगले कपडे घालून जमत आणि परिचित गीते गात. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांवरून फिरे. कोणाला श्रद्धा असो नसो, लहानपणी शाळेत म्हटलेली गीते सर्वांना पाठ होती. चर्चला न जाणारी आजी स्वयंपाकघरातून सूर मिसळू शकत होती. आयटीव्हीने दशकाच्या शेवटी, १९६९ साली, याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकले. यॉर्कशायर टेलिव्हिजनच्या ‘स्टार्स ऑन संडे’मध्ये जेस येट्स यांच्या सूत्रसंचालनाखाली नामवंत गायक प्रेक्षकांच्या फर्माइशीची भक्तिगीते गात आणि नामवंत नट बायबलमधले उतारे वाचत.

इथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. लोकांनी घरातून उठून चर्चला जावे म्हणून ही वेळ राखली होती. तिने चर्चच घरात आणून दिले. उठून जाण्याचे उरलेसुरले कारणही त्यामुळे कमी झाले. सद्भावनेने केलेल्या नियमांचे असे पुष्कळदा होते.

सात पंचवीसनंतर

बंद वेळेचा दुसरा परिणाम अधिक खोल होता. सत्तर मिनिटे दोन्ही वाहिन्यांवर करमणूक नाही, म्हणजे सगळा देश एकाच क्षणी करमणुकीची वाट पाहतो आहे. बांधामागे पाणी साठावे तसा प्रेक्षक साठत असे. त्यानंतर जे दाखवले जाई त्याला आपोआप अफाट गर्दी मिळे.

ती गर्दी सर्वांत आधी ओळखली आयटीव्हीने. लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहात रविवारी नेहमीचा प्रयोग नसे. कायद्याने रिकामा ठेवलेला तो रंगमंच टीव्हीच्या हाती आयता आला. ‘संडे नाइट अ‍ॅट द लंडन पॅलेडियम’ हा कार्यक्रम २५ सप्टेंबर १९५५पासून, म्हणजे आयटीव्हीच्या पहिल्या रविवारपासून सुरू झाला आणि १९६७पर्यंत चालला. नर्तकी, जादूगार, विनोदी नट, परदेशी गायक, मध्ये ‘बीट द क्लॉक’ हा प्रेक्षकांचा खेळ, आणि शेवटी फिरत्या रंगमंचावर उभे राहून सर्व कलावंतांनी हात हलवून घेतलेला निरोप. ब्रूस फोर्साइथ, नॉर्मन व्हॉन, जिमी टारबक हे त्याचे सूत्रसंचालक घरोघरचे झाले. १९६१ साली नटांचा संप चालू असताना ३ डिसेंबरचा संपूर्ण कार्यक्रम फोर्साइथ आणि नॉर्मन विझ्डम या दोघांनीच निभावला. १३ ऑक्टोबर १९६३ला बीटल्स आले आणि सुमारे दीड कोटी लोकांनी त्यांना पाहिले. त्यानंतर वृत्तपत्रांत ‘बीटलमेनिया’ हा शब्द रूढ झाला. जानेवारी १९६७मध्ये रोलिंग स्टोन्सनी फिरत्या रंगमंचावर चढून हात हलवायला नकार दिला, तेव्हा त्याचीही मोठी बातमी झाली. या निरोपाला प्रेक्षक एखाद्या विधीइतके महत्त्व देत होते, याचा तो पुरावाच.

पॅलेडियमनंतर आयटीव्हीवर ‘आर्मचेअर थिएटर’. सिडनी न्यूमन या कॅनेडियन निर्मात्याने १९५८पासून त्यात कामगारवस्तीतल्या माणसांची, आजच्या प्रश्नांची नवी नाटके आणली. हॅरॉल्ड पिंटरचे ‘अ नाइट आउट’ २४ एप्रिल १९६०ला दाखवले गेले. तीनच दिवसांनी त्याचे ‘द केअरटेकर’ लंडनच्या एका छोट्या नाट्यगृहात रंगभूमीवर आले. नाट्यगृहात रोज काही शेकडा प्रेक्षक, आणि इकडे एका रात्रीत साठ लाखांवर. विनोदी कार्यक्रमानंतर खुर्चीतून न उठलेल्या या माणसांपुढे पिंटर ठेवला गेला, आणि त्यांनी तो पाहिला.

बीबीसीची रविवार रात्र अधिक विद्याव्यासंगी. ह्यू वेल्डन यांचा ‘मॉनिटर’ हा कलाविषयक कार्यक्रम १९५८ ते १९६५ चालला. ११ नोव्हेंबर १९६२ला त्यात केन रसेलने एल्गार या संगीतकारावर केलेला चित्रपट दाखवला गेला. आणि दशकाच्या शेवटी दोन मालिका जवळजवळ हातात हात घालून आल्या. गॉल्सवर्दीच्या कादंबऱ्यांवरची ‘द फोरसाइट सागा’ ही सव्वीस भागांची मालिका १९६७ साली बीबीसी-२वर शनिवारी येऊन गेली होती. पण ती वाहिनी तेव्हा फार थोड्या घरांत दिसे. ८ सप्टेंबर १९६८पासून बीबीसी-१ने ती रविवारी संध्याकाळी पुन्हा दाखवली आणि देशच्या देश खिळून बसला. शेवटचा भाग सुमारे १ कोटी ८० लाख लोकांनी पाहिला, म्हणजे जवळजवळ दर तिघांत एकाने. ती संपत आली असताना, २३ फेब्रुवारी १९६९ला, बीबीसी-२वर केनेथ क्लार्क यांची ‘सिव्हिलायझेशन’ ही तेरा भागांची मालिका रंगीत सुरू झाली, तीही रविवारी. रंगीत संच ज्यांच्याकडे असे त्यांच्या घरी शेजारीपाजारी जमत. पाश्चात्त्य कलेचा इतिहास सांगणारे ते एका सुसंस्कृत गृहस्थाचे रविवारचे प्रवचनच होते, फक्त व्यासपीठ बदलले होते.

फोरसाइट सागाच्या त्या हिवाळ्यात ठिकठिकाणच्या पाळकांनी आपल्या संध्याकाळच्या उपासनेची वेळ बदलली. लोकांना मालिका चुकवायची नव्हती आणि पाळकांना रिकाम्या बाकांपुढे उभे राहायचे नव्हते. पॅलेडियमच्या काळातही एका पाळकाने उपासना आटोपती घेतल्याची नोंद आहे. आता ती गोष्ट सर्रास झाली. माझ्या मते सगळ्या कहाणीचा कणा इथे आहे. टीव्हीने चर्चसाठी थांबावे म्हणून कुंपण घातले होते. दहा-बारा वर्षांत चर्च टीव्हीच्या घड्याळाप्रमाणे चालू लागले. त्यासाठी कोणी धर्माविरुद्ध मोहीम काढली नाही, की कोणी बंड केले नाही. लोक एकाच वेळी, एकाच गोष्टीसाठी, नीट बसून एकत्र येऊ लागले आणि दुसऱ्या दिवशी त्याविषयी बोलू लागले. रविवारी एकत्र जमण्याची ही सवय त्यांना मुळात चर्चनेच लावली होती.

पुसलेला रविवार

रात्री उशिरा राष्ट्रगीत वाजे. संच बंद केला की पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरे आणि लहान होत होत विझे. त्या ठिपक्याबरोबर बरेच काही कायमचे गेले.

त्या काळी चित्रमुद्रणाची दोन इंची फीत अतिशय महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरता येत असे. कलावंतांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर बंधने होती. त्यामुळे एकदा दाखवून झालेला कार्यक्रम जपण्याचे कारण हिशेबनिसांना दिसत नसे. १३ जानेवारी १९६३च्या रविवारी बीबीसीने ‘मॅडहाउस ऑन कॅसल स्ट्रीट’ हे नाटक दाखवले. त्यात एक अनोळखी अमेरिकन तरुण गाणी म्हणतो. त्याचे नाव बॉब डिलन. १९६८ साली ती फीत पुसली गेली. पॅलेडियमचेही बहुतेक प्रयोग असेच गेले.

सर्वांत चटका लावणारे उदाहरण दशकातल्या सर्वांत मोठ्या रविवारचे. २० जुलै १९६९. ब्रिटिश वेळेनुसार रात्री नऊ वाजून सतरा मिनिटांनी अपोलो यान चंद्रावर उतरले आणि सोमवारच्या पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना आर्मस्ट्राँगचे पाऊल पडले. ब्रिटिश टीव्ही पहिल्यांदाच रात्रभर चालू राहिला. आयटीव्हीवर डेव्हिड फ्रॉस्ट यांची मेजवानीवजा मैफल, बीबीसीवर जेम्स बर्क आणि पॅट्रिक मूर. आपल्याकडे तेव्हा दूरचित्रवाणी फक्त दिल्लीत होती. मुंबई-पुण्याला हे पाऊल वर्तमानपत्रातून कळले. पण ज्यांनी ते पाहिले त्यांचीही स्थिती पुढे काही वेगळी राहिली नाही. अमेरिकेतून आलेले चित्र उरले; बीबीसीच्या स्टुडिओतला त्या रात्रीचा कार्यक्रम जवळजवळ सगळा नष्ट झाला. १९९३पासून ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट अशा हरवलेल्या कार्यक्रमांचा शोध घेणारा उपक्रम चालवते आहे आणि कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या गॅरेजमधून अधूनमधून एखादी फीत हाती लागते.

चर्चमध्ये शतकानुशतके गायली गेलेली गीते पुस्तकांत आहेत, नोंदवह्या आहेत, इमारती उभ्या आहेत. तिची जागा घेणाऱ्या माध्यमाने स्वतःची नोंद एका दशकापुरतीही ठेवली नाही.

कुंपण उठल्यावर

जानेवारी १९७२मध्ये ख्रिस्तोफर चॅटवे या मंत्र्याने प्रक्षेपणाच्या तासांवरची बंधने उठवली. आता रविवारी सव्वासहाला कोणीही काहीही दाखवू शकत होते. पण गंमत अशी की बीबीसी आणि आयटीव्ही दोघांनीही आपण होऊन, आपापसात ठरवून, धार्मिक कार्यक्रमांची वेळ आणखी बरीच वर्षे राखली. त्यात धर्मप्रेम किती आणि एकमेकांच्या धास्तीने केलेला समझोता किती, हे सांगणे अवघड नाही. एकाने भक्ती दाखवायची आणि दुसऱ्याने विनोद, असे झाले तर प्रेक्षक कुठे जाणार हे दोघांनाही ठाऊक होते. सरकारने घातलेले कुंपण व्यापारी शहाणपणाने टिकवले.

ब्रिटनमधल्या धर्माच्या ओहोटीला टीव्ही जबाबदार होता, असा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही. कॅलम ब्राउन या इतिहासकाराने १९६३च्या सुमारास ही ओहोटी अचानक सुरू झाल्याचे मांडले आहे आणि तिचे मुख्य कारण स्त्रियांच्या बदललेल्या आत्मभानात शोधले आहे. कुटुंबाला चर्चशी बांधून ठेवणारी स्त्रीच त्या धाग्यापासून दूर झाली, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. टीव्हीने एवढेच केले की, मोकळ्या झालेल्या माणसांना रविवारी संध्याकाळी बसायला एक जागा दिली. पुढे व्हिडिओ आला, वाहिन्या वाढल्या आणि तीही जागा मोडली. आज प्रत्येकजण आपापल्या हातातल्या पडद्यावर, आपापल्या वेळी, आपापले पाहतो. सुट्टीवर हक्क कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर ‘ज्याची सुट्टी त्याचा’ असे शेवटी मिळाले खरे. पण ते मिळाले तेव्हा सोबत कोणी उरले नव्हते.

‘साँग्ज ऑफ प्रेझ’ मात्र अजून चालू आहे. साठ वर्षे उलटून गेली, वेळ बदलत बदलत ती दुपारकडे सरकली, प्रेक्षक कमी झाले. तरी रविवारी ब्रिटनमधल्या कुठल्यातरी गावी माणसे जमतात, गातात, आणि दुसरी काही माणसे घरात बसून ते ऐकतात.